आप्पा गप्प का बसले

“मावशी, सादर नमस्कार. मी धरणगाव तालुक्यातल्या एका खेड्यातली. अमळनेरला बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. घरी साडेपाच एकर जमीन, त्यात बहुतेक कापूस. यंदा आखाजीला माझा आतेभाऊ अमेरिकेहून आला. तो आधी चार वर्षं पुण्यात नोकरीला होता, मग त्याच कंपनीने त्याला टेक्सासला पाठवलं. खापरावरच्या पोळ्या आणि आमरस झाल्यावर सगळे ओट्यावर बसले होते. तो आप्पांना म्हणाला, ‘मामा, आमच्याकडे टेक्सासमध्येही कापूसच पिकतो, पण तिथला शेतकरी गाडीतून फिरतो. जिथले लोक कष्ट करतात ते देश पुढे जातात. आपल्याकडे लोक पारावर बसून सरकारला नावं ठेवतात.’ आप्पा काही बोलले नाहीत. उठून गोठ्यात गेले. माझे आप्पा रात्रीच्या लाइटीवर पाणी भरतात आणि सकाळी पुन्हा निंदणीला उभे असतात. गेल्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८,११० रुपये होता. आम्हाला पैशांची घाई होती, म्हणून दारात आलेल्या व्यापाऱ्याला ६,९०० ने दिला, वर क्विंटलमागे दोन किलो कट्टी, म्हणजे वजनातली कपात. वेचणीलाच किलोमागे दहा रुपये जातात. आई इतकी जपून चालते की वेचणाऱ्या बायांच्या काट्यावर वरचा अर्धा किलो कधी धरत नाही. तरी हातात काही उरत नाही. आता धाकटा भाऊ हटून बसलाय की दोन एकर विका, मी कॅनडाला शिकायला जातो. त्याचा डिप्लोमा झालाय. आतेभाऊ म्हणतो, बरोबर आहे. आई रडते. मला दोनच गोष्टी विचारायच्या आहेत. आम्ही गरीब आहोत ही आमचीच चूक आहे का? आणि जमीन विकावी का? – आप्पांची लेक”

लेकी, पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण दुसऱ्याचं उत्तर त्याच्याच पोटात आहे. नाही. आप्पा आळशी आहेत म्हणून तुमचं घर मागे नाही. तुला बरं वाटावं म्हणून हे म्हणत नाही. याचा हिशोब मांडता येतो, आणि तो मला मांडायचाच आहे. माझे वडील चोपड्याला एका जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मुनीम होते. रात्रभर बैलगाडी हाकून आलेली माणसं सकाळी जिनाच्या दारात उभी राहून ‘भाव काय निघाला?’ एवढंच विचारायची, आणि आकडा ऐकून तुझ्या आप्पांसारखीच गप्प व्हायची. ती शांतता माझ्या कानात अजून आहे.

सुरुवात तुझ्या आतेभावापासून करू. पुण्यात तो जे काम करायचा तेच काम आज टेक्सासमध्ये करतो. डोकं तेच, शिक्षण तेच, कंपनीही तीच. पगार मात्र कितीतरी पटींनी वाढला. मुंबईला विमानात बसलेला मुलगा पलीकडे उतरेपर्यंत तेवढ्या पटीने कष्टाळू झाला का? मी त्याला कमी लेखत नाही. खेड्यातल्या शाळेतून तिथवर पोचायला जिद्द लागते. पण ती जिद्द त्याच्याकडे पुण्यातही होती. पगार वाढला तो सीमा ओलांडल्यामुळे.

ही गोष्ट त्याच्यापुरती नाही. जागतिक बँकेत अनेक वर्षं काम केलेले अर्थतज्ज्ञ ब्रँको मिलानोविच यांनी देशोदेशीच्या घरांच्या उत्पन्नाच्या पाहण्या एकत्र करून पाहिल्या. जगातल्या माणसांच्या उत्पन्नात जो फरक दिसतो, त्यातला निम्म्याहून जास्त फरक माणूस कुठल्या देशात राहतो एवढ्यावरूनच सांगता येतो, असं त्यांना आढळलं. आणि जगातली बहुतेक माणसं जन्मतात त्याच देशात आयुष्य काढतात. म्हणजे कुणाच्या वाट्याला किती येणार याचा मोठा भाग पाळण्यात असतानाच ठरून जातो. त्यात कुणाचं कर्तृत्व नाही आणि कुणाचा गुन्हाही नाही.

जगाच्या संपत्तीचा आकडा ऐकून ठेव. २०२२ च्या जागतिक विषमता अहवालाप्रमाणे वरच्या १० टक्के लोकांकडे जगातली ७६ टक्के संपत्ती आहे आणि खालच्या निम्म्या लोकांकडे मिळून २ टक्के. शंभर उंबऱ्यांचं एक गाव डोळ्यांसमोर आण. गावात शंभर पोती धान्य आलं. दहा घरांनी शहात्तर पोती नेली आणि पन्नास घरांनी दोन पोती आपसात वाटून घेतली. त्या पन्नास घरांना तू म्हणशील का, की तुम्हीच आळशी?

आता हे असं झालं कसं? पुस्तकातलं सांगण्याआधी तुझ्याच तालुक्यातलं सांगते. १६७० च्या दशकात, शिवाजी महाराजांच्या हयातीत, धरणगावात इंग्रजांची वखार होती. सात समुद्र ओलांडून आलेली माणसं धरणगावात काय करत होती? कापड घेत होती. सुरतेहून बऱ्हाणपूरकडे जाणारी वाट आपल्या खानदेशातून जायची आणि बऱ्हाणपूरचं सुती कापड इराण, तुर्कस्तानपर्यंत जायचं. तेव्हा कापूस इथला, सूत इथलं, माग इथला. पैसा तिकडून इकडे यायचा.

मग तो उलटा कसा वाहू लागला? इंग्लंडने आपल्या विणकरांच्या रक्षणासाठी हिंदुस्थानच्या छापील सुती कापडावर बंधनं घातली. १७२१ च्या कायद्याने तर ते वापरण्यावरच बंदी आली. त्या आडोशाला त्यांच्या गिरण्या वाढल्या. त्या मोठ्या झाल्या तोवर इथे राज्य त्यांचं होतं. १८१८ मध्ये खानदेश ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात आला. त्यानंतर जकातीचे नियम असे राहिले की मँचेस्टरचं कापड इथे सहज शिरावं आणि इथून कच्चा कापूस जावा. १८६० च्या दशकात जळगाव-भुसावळपर्यंत रेल्वे आली, तिचाही ओढा मुंबईच्या बंदराकडे. विणणारा देश पिकवणारा देश झाला. पिकवण्यात पैसा कमी आणि विणण्या-विकण्यात जास्त, हे तुझ्या आप्पांना कुणी सांगायला नको.

याच वेळी टेक्सास आणि खानदेश यांची गाठ पडली, आणि ती गोष्ट मला तुझ्या आतेभावाच्या कानावर घालावीशी वाटते. १८६० च्या सुमारास इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसातला तीन चतुर्थांशाहून अधिक कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून यायचा. तो वेचायचे आफ्रिकेतून पकडून नेलेले गुलाम आणि त्यांची मुलंबाळं. मजुरी शून्य. १८६१ मध्ये तिथे यादवी युद्ध पेटलं, बंदरांची नाकेबंदी झाली आणि गिरण्या उपाशी पडल्या. एकाएकी आपल्या काळ्या मातीला सोन्याचा भाव आला. ज्वारी-बाजरी मागे सारून लोकांनी कापूस पेरला, सावकाराने हात सैल सोडला, मुंबईत शेअरचा बाजार चढला. १८६५ मध्ये युद्ध संपलं. त्या वर्षी १९ जूनला टेक्सासमधल्या गुलामांना आपण मुक्त झाल्याची बातमी कळली. त्याच वर्षी मुंबईचा शेअरबाजार कोसळला आणि कापसाचा भाव उतरणीला लागला. भाव गेला, कर्ज राहिलं, आणि शेतसारा मात्र रोख भरायचा होता. दहा वर्षांनी, मे १८७५ मध्ये, पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे जाळले. पुढे ते लोण नगर जिल्ह्यात पसरलं. हे आपल्याकडेच झालं असं नाही. मिसरनेही, म्हणजे इजिप्तनेही, त्या तेजीत कापूस लावला, कर्ज काढलं, १८७६ मध्ये दिवाळं काढलं आणि १८८२ मध्ये तिथे इंग्रजांची फौज उतरली.

दादाभाई नौरोजींनी सगळं आयुष्य हाच हिशोब मांडण्यात घालवलं, की दरसाल इथून किती धन जातं आणि बदल्यात काही येत नाही. अँगस मॅडिसन या आर्थिक इतिहासकाराच्या अंदाजाप्रमाणे १७०० मध्ये जगाच्या उत्पन्नातला जवळपास चौथा हिस्सा हिंदुस्थानात निर्माण होत होता. १९५० मध्ये तो चार टक्क्यांवर आला. ही सगळी घसरण लुटीचीच, असं मी म्हणणार नाही. यंत्रं आल्यावर युरोप-अमेरिका आपल्या बळावरही वाढले. पण ज्या काळात ते वाढत होते त्याच काळात आपल्याला वाढू न देणारे नियम आपल्यावर लादलेले होते, हे खरं आहे.

तुझा आतेभाऊ म्हणेल, मावशी, हे दीडशे वर्षांपूर्वीचं झालं. बरं, आजचं बोलू.

टेक्सासचा शेतकरी आळशी नाही, तोही राबतो. पण त्याच्या मागे त्याचं सरकार कसं उभं असतं ते पाहा. पीकविम्याच्या हप्त्यातला सरासरी निम्म्याहून जास्त भाग तिथलं सरकार भरतं. २००० च्या सुमारास अमेरिकेत कापूस पिकवणारे जेमतेम २५ हजार शेतकरी होते आणि त्यांना वर्षाला तीन अब्ज डॉलरच्या आसपास सरकारी मदत मिळायची. एवढ्या मदतीवर पिकलेला कापूस जगाच्या बाजारात उतरला की भाव पडतो. तो भाव पश्चिम आफ्रिकेतल्या मालीमध्ये पडतो तसा धरणगावातही पडतो. २००२ मध्ये ब्राझीलने जागतिक व्यापार संघटनेत तक्रार केली. ब्राझील जिंकला, अमेरिकेचं अपीलही २००५ मध्ये फेटाळलं गेलं.

पुढे जे झालं ते वाचून मी कितीतरी वेळ तशीच बसून राहिले होते. अमेरिकेने ती मदत पुरती बंद केली नाही. २०१० मध्ये तडजोड झाली आणि अमेरिका ब्राझीलच्या कापूस उत्पादकांसाठी वर्षाला १४ कोटी ७३ लाख डॉलर देऊ लागली. २०१४ मध्ये आणखी ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. म्हणजे ज्याच्याकडे खटला लढायची ताकद होती, त्याला पैसे देऊन गप्प केलं. बेनिन, बुर्किना फासो, माली आणि चाड हे चार गरीब देश २००३ पासून त्याच दारात हेच गाऱ्हाणं घेऊन उभे होते. त्यांना अशी भरपाई मिळाली नाही. लेकी, जगातली विषमता अशी टिकते. नियम सगळ्यांना सारखे लिहिलेले असतात, पण ते मोडल्याची किंमत वसूल करायला वकील लागतात, वट लागते, बदल्यात दुसऱ्याला दुखवण्याइतका व्यापार लागतो.

आणि गेल्याच हंगामाचं घे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर ५० टक्क्यांपर्यंत शुल्क लावलं, तेव्हा कापड निर्यात करणारे कारखाने धास्तावले. त्याच महिन्यात आपल्या सरकारने कारखान्यांना दिलासा म्हणून कापसाच्या आयातीवरचं ११ टक्के शुल्क काढलं आणि ती सवलत वर्षअखेरपर्यंत नेली. कारखान्यांची अडचण खरी होती. पण आप्पांचा कापूस बोंडातून बाहेर यायच्या आधी त्यांच्या भावाचे दोन निर्णय अशा ठिकाणी झाले, जिथे आप्पांना कुणी विचारलं नाही. आपल्याकडे म्हातारी माणसं म्हणतात ना, ‘भाव आपला हातमा नही शे.’ ते नशिबाला दोष देतात असं मला तरुणपणी वाटायचं. आता कळतं, ती माणसं अचूक अर्थशास्त्र सांगत होती.

एक छोटा हिशोब वहीत करून बघ. क्विंटलभर कापसातून साधारण ३४ किलो रुई निघते, बाकी बहुतेक सरकी. सूतगिरणीतली आणि कापणीतली नासधूस सोडली तर त्या रुईत दीडशेच्या आसपास टी-शर्ट होतात. ६,९०० ला दीडशेने भाग. एका टी-शर्टमागे आप्पांना मिळाले ४६ रुपये. त्यातून बी, खत, फवारणी, वेचणी. तोच टी-शर्ट तुझा आतेभाऊ तिथल्या दुकानात पंधरा डॉलरला घेत असेल, म्हणजे तेराशे रुपयांच्या आसपास. मधले सगळे पैसे कुणी चोरले असं नाही. कातणं, विणणं, शिवणं, जहाज, दुकानाचं भाडं, तिथल्या माणसांचे पगार, सगळं त्यात आहे. पण सर्वांत मोठा वाटा तिथे जातो जिथे नाव आणि दुकान आहे, आणि सर्वांत छोटा वाटा तिथे जिथे हात आहेत. शिवणारे हात ढाक्याचे असतील, तर २४ एप्रिल २०१३ ला तिथली राणा प्लाझा ही इमारत कोसळून अकराशेहून अधिक माणसं गेली, त्यात कित्येक तुझ्या वयाच्या मुली होत्या. आदल्या दिवशी भिंतींना तडे दिसले होते. तरी त्यांना आत जायला लावलं, आणि महिन्याचा पगार कापला जाईल या भीतीने त्या गेल्या.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी तुला अर्धंच सांगितलं असं होईल. सगळा दोष बाहेरच्यांचा नाही. आपल्याकडे हेक्टरी साडेचारशे किलोच्या आसपास रुई येते आणि जगाची सरासरी त्याच्या दीडपटीहून जास्त आहे. पाणी, बियाणं, संशोधन, बोंडअळीचा बंदोबस्त या गोष्टी आपल्याच सरकारांच्या हातात होत्या. १९९० च्या सुमारास चीनमधला माणूस आपल्यासारखाच गरीब होता, आज त्याचं सरासरी उत्पन्न आपल्या कितीतरी पट आहे. शाळा, दवाखाने आणि कारखाने यांवर त्यांनी आधीपासून खर्च केला. चीन आणि भारत पुढे सरकल्यामुळे गेल्या तीस वर्षांत देशादेशांतली दरी थोडी भरलीही आहे. पण त्याच काळात देशांच्या आतली दरी वाढली. २०२२-२३ मध्ये भारताच्या उत्पन्नातला २२.६ टक्के वाटा वरच्या एक टक्क्याकडे गेला, आणि संपत्तीतला ४०.१ टक्के. तेव्हा आतेभावाला उत्तर देताना सगळं इंग्रजांवर आणि अमेरिकेवर ढकलू नकोस. ते खरंही होणार नाही आणि त्याने आपले लोक मोकळे सुटतील.

परिणाम काय होतात, हे तुला मी काय सांगू, तू त्यातच आहेस. जपानमध्ये जन्मलेलं मूल सरासरी ८४ वर्षं जगतं, चाडमधलं ५५ च्या आसपास. एवढं मोठं आयुष्य कुठल्या आळसाने कमी होत नाही. पृथ्वी तापवणारा जो धूर हवेत जातो त्यातला जवळपास निम्मा जगातल्या वरच्या १० टक्के लोकांमुळे जातो, आणि एप्रिल-मेमध्ये भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा उन्हात उभं राहायला दुसरेच असतात. दिवाळी झाली की नंदुरबार-धुळ्याकडची कुटुंबं कोयता घेऊन गुजरातच्या उसाला जातात आणि त्यांच्याबरोबर पोरांची शाळाही सुटते. पण मला सर्वांत जास्त लागतो तो एक परिणाम कुठल्या अहवालात सापडत नाही. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच लाज वाटते. तुझे आप्पा गोठ्यात गेले ते त्यामुळे. भाचा पाहुणा, सणाचा दिवस, म्हणून ते बोलले नाहीत असं तू स्वतःला समजावलं असशील. मला वाटतं त्यांच्या मनात कुठेतरी आलं असेल, की खरंच आपलंच चुकलं का? ती शंका तुला काढून टाकायची आहे. त्यांच्याजवळ बसून हा टी-शर्टचा हिशोब त्यांना दाखव. त्यांना तो तुझ्यापेक्षा लवकर कळेल.

आता तुझ्या धाकट्या भावाचं. आधी हे समजून घे की तो चुकीचा विचार करत नाहीये. देश बदलला की त्याच कष्टाला कितीतरी पट भाव येतो, हे मीच वर लिहिलं. मग एकवीस-बावीस वर्षांच्या पोराला तो भाव खुणावणारच. त्याला ‘मायबाप सोडून चालला’ असं म्हणू नका, आईलाही समजाव.

पण जमीन विकू नका, आत्ता तरी नाही. कारण श्रीमंत देशांनी दार पूर्वीसारखं उघडं ठेवलेलं नाही. कॅनडाने २०२४ च्या सुरुवातीला विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली आणि नव्या परवान्यांत सुमारे ३५ टक्के कपात केली. राहण्याच्या खर्चासाठी दाखवायची रक्कम १०,००० डॉलरवरून २०,६३५ कॅनेडियन डॉलर केली, म्हणजे साधारण साडेबारा लाख रुपये, आणि २०२५ मध्ये ती पुन्हा वाढवली. फी वेगळी. शिक्षण संपल्यावर तिथे राहता येईल याची हमी कुणी देत नाही. एजंट देत असेल तर त्याच्याकडून कागदावर लिहून माग. तो देणार नाही. दोन एकर विकून पोरगा गेला आणि दोन वर्षांनी परत आला, तर तुमच्याकडे ना जमीन राहील ना पैसा. साडेपाचातले दोन एकर गेले की उरलेल्या साडेतीनात घर चालत नाही, मग तीही जातात. मी असं होताना पाहिलं आहे, नावं सांगत नाही.

त्याने जायचं असेल तर दुसरी वाट धरावी. आधी वर्षभर त्याच्या डिप्लोमाची नोकरी करावी, मग ती जळगावच्या एमआयडीसीत असो वा नाशिक-पुण्यात. त्याच वर्षात एक भाषा शिकावी. जर्मनीत बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी फी नसते. वर्षाच्या खर्चाची रक्कम खात्यात आधी अडकवून ठेवावी लागते, ती मात्र मोठी असते. राज्य सरकारच्या परदेशी शिक्षणाच्या शिष्यवृत्त्या निरनिराळ्या समाजघटकांसाठी आहेत. तुमचं घर कशात बसतं ते समाजकल्याणच्या कार्यालयात जाऊन विचारावं, एजंटला नाही. कर्ज काढायचंच तर राष्ट्रीयीकृत बँकेचं शैक्षणिक कर्ज, सावकाराचं किंवा जमिनीच्या व्यवहाराचं नको. आणि आतेभाऊ रविवारी फोन करतो ना, त्याला भावाने पगार विचारू नये. घरभाडं किती, दवाखान्याच्या विम्याला किती जातं, नोकरी गेली तर किती दिवसांत देश सोडावा लागतो, हे विचारावं. तो पोरगा वाईट नाही, खरं सांगेल. कदाचित ते सांगताना त्यालाही आपण ओट्यावर काय बोललो ते आठवेल.

शेतीपुरतं एक. पुढच्या हंगामात घाईघाईने दारातल्या व्यापाऱ्याला कापूस देऊ नका. सीसीआयच्या, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाच्या, केंद्रावर हमीभावाने द्यायचा तर नोंदणी मोबाइलवरून करावी लागते, ती तू वेळेत कर. कापूस वाळवून ओलावा १२ टक्क्यांच्या आत ठेवा, आठच्या आत असेल तर भावात कपातही होत नाही. ८,११० आणि ६,९०० यांतला फरक म्हणजे क्विंटलला १,२१० रुपये. वीस क्विंटल झाला तरी चोवीस हजार. पैशांची नड कशाची होती ते तू लिहिलं नाहीस. पीककर्जाचा हप्ता असेल तर बँकेत जाऊन मुदत मागता येते, त्यासाठी आप्पांबरोबर तू स्वतः जा. शिकलेली पोर शेजारी बसली की बाबूंची भाषा जरा बदलते.

आणि आता एक अवघड गोष्ट. तू ती पत्रात सहज लिहून गेलीस, म्हणूनच तुझ्यावर विश्वास ठेवून सांगते. तुमच्याकडे वेचणीला ज्या बाया येतात त्या बहुधा सातपुड्याच्या पाड्यांवरून येतात, पावरा, बारेला, भिल्ल. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या ३३ गावांवर सरदार सरोवराचं संकट आलं, तेव्हा कित्येक घरांच्या शेतांवरून पाणी गेलं. त्या पाण्याचा मोठा फायदा दुसऱ्या राज्याला झाला. एका टी-शर्टमागे त्या बाईच्या हातात सातही रुपये येत नाहीत. जगाच्या गावात तुमचं घर खालच्या पन्नासात असेल, पण तुमच्या बांधावर ती तुमच्याही खाली उभी आहे, आणि तिलाही कुणी तरी म्हणत असेल की तुम्ही आळशी म्हणून गरीब. व्यापारी तुमच्याकडून क्विंटलमागे दोन किलो कट्टी घेतो तेव्हा आप्पांचं पोट तुटतं. आईचा तो काट्यावरचा अर्धा किलो तीच कट्टी आहे. आईला बोल लावू नकोस. तिला काटकसर करायला शिकवलं तेवढंच ती शिकली, आणि तिच्या हातात पिळायला तेवढंच होतं.

ऑक्टोबरात पहिली वेचणी निघेल तेव्हा चार दिवस सुट्टी काढून घरी जा. काट्याजवळ तू बस, वही तू धर. साडेबावीस किलो भरलं तर साडेबावीस लिही, आणि तो आकडा त्या बाईला वाचून दाखव.